आधी विचारू, मग तपासू

(आपल्या संघाच्या महिला मेळाव्यात क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. बऱ्याच गटांनी "लिहून द्या, बैठकीत वाचून दाखवू" असं सांगितलं, म्हणून पूर्ण छापत आहोत.)



हळदीची काढणी चालू आहे, कुणाची शिजवणी चालू आहे. तरी तुम्ही कळमनुरी, सेनगाव, औंढा, वसमत इकडून गाड्या करून आलात. म्हणून मी लांबण लावणार नाही, कामाचंच बोलते.

आजचा विषय तुमच्याच कर्जाच्या नोंदवहीतून आला आहे. मी गटांचे हिशोब बघते तेव्हा कर्जाचं कारण लिहिलेलं असतं. बियाणं, शेळी, पोराची फी, लग्न आणि दवाखाना. 'दवाखाना' हा शब्द नाही असं पान क्वचितच सापडतं. शेळीला घेतलेलं कर्ज शेळी फेडते, बियाण्याचं कर्ज सोयाबीन फेडतं. दवाखान्याचं कर्ज मात्र मजुरीतूनच फेडावं लागतं. आणि मी खोदून विचारते, "ताई, पाच हजार नेमके कशात गेले?" तेव्हा उत्तर येतं, "औषधाला कुठं गं लागले, तपासण्यातच गेले."

रक्त तपासलं, लघवी तपासली, फोटो काढला, सोनोग्राफी केली. बाहेर आल्यावर विचारलं की काय निघालं, तर "काही नाही निघालं" नाहीतर "थोडं थोडं सगळंच आहे म्हणले". तर आज या 'थोडं थोडं सगळंच आहे' बद्दल बोलायचं आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते, नाहीतर घरी जाऊन कुणी म्हणेल की मेळाव्यात तपासण्या करू नका म्हणून सांगितलं. तसं मी अजिबात सांगत नाही. तपासणीमुळं जीव वाचतो. बाळंतपणात हिमोग्लोबिन बघितलं नाही तर काय होतं, ते इथं बसलेल्या बायांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. दोन आठवडे खोकला असेल तर थुंकी तपासलीच पाहिजे. तिशी ओलांडली की बीपी आणि साखर बघितलीच पाहिजे. माझं बोलणं गरज नसताना होणाऱ्या तपासणीबद्दल आहे. गरजेची आणि बिनगरजेची यातला फरक आपण कसा ओळखायचा, एवढाच आजचा मुद्दा.

तपासणी कशासाठी असते

गटात कर्ज मागायला कुणी आलं तर आपण काय विचारतो? कशासाठी पाहिजे, त्यातून काय होणार आणि परतफेड कशी करणार. सख्खी बहीण असली तरी विचारतो. त्यात कुणाचा अपमान होत नाही, गटाचा नियमच तो आहे. तपासणीचंही तसंच आहे. डॉक्टरांच्या मनात दोन-तीन शंका असतात. हे असेल का ते असेल? त्यातलं नक्की काय, हे ठरवायला तपासणी लागते. म्हणजे रिपोर्ट 'हो' आला तर एक उपचार आणि 'नाही' आला तर दुसरा उपचार. रिपोर्ट काहीही आला तरी तीच गोळी आणि तेच इंजेक्शन देणार असतील, तर ती तपासणी कशाला करायची?

म्हणून एक प्रश्न पाठ करा. "डॉक्टरसाहेब, ह्या तपासणीनं माझ्या उपचारात काय बदलंल?" बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हा प्रश्न तेवढा ध्यानात ठेवा.

आता आपल्या गावात रोज दिसणारी उदाहरणं घेऊ.

'टायफॉइड निघाला'

ताप आला की दुसऱ्या दिवशी रक्त तपासायचं आणि संध्याकाळपर्यंत टायफॉइड निघायचा, हे आपल्याकडं किती झालं आहे! कधी 'थोडा टायफॉइड' असतो, कधी 'टायफॉइड पण आहे आणि पेशी पण कमी आहेत'. मग पाच दिवस सलाईन.

ही तपासणी बहुतेक वेळा 'विडाल' नावाची असते. ती रक्तात टायफॉइडचे जंतू शोधत नाही. जंतूंशी लढायला शरीरानं जे घटक तयार केले, ते शोधते. हे घटक तयार व्हायला साधारण आठवडाभर लागतो. म्हणजे तापाच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी केलेली विडाल फारसं काही सांगू शकत नाही. दुसरं म्हणजे, पूर्वी कधी टायफॉइड होऊन गेला असेल तर ते घटक रक्तात शिल्लक राहतात. दुसऱ्याच एखाद्या तापातही ते वाढलेले दिसू शकतात. आपल्या भागात, जिथं पाण्यातून हे जंतू पोटात जातच असतात, तिथं धडधाकट बाईचं रक्त तपासलं तरी रिपोर्टवर थोडंफार काहीतरी दिसू शकतं. म्हणून एकाच विडालवर टायफॉइड ठरवणं बरोबर नाही, असं डॉक्टरांची पुस्तकंच सांगतात. पक्कं ठरवायला रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी असते, तिला ब्लड कल्चर म्हणतात. तिला काही दिवस लागतात आणि ती शक्यतो अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी करायची असते.

टायफॉइड खोटा आजार नाही, तो जीवघेणा होऊ शकतो. पण ज्याला टायफॉइड नाही त्याला पाच दिवस इंजेक्शनं दिली तर पैसे जातात, मजुरी बुडते आणि खरा आजार तसाच राहतो. शिवाय अँटिबायोटिक असं वारंवार घेतलं की पुढं खरी गरज लागेल तेव्हा ते लागू पडत नाही.

उलट मलेरियाचं बघा. ताप असला की आरोग्य सेवक किंवा आशाताई बोटातून थेंबभर रक्त घेतात. मलेरिया निघाला तर त्याची गोळी, नाही निघाला तर ती गोळी नाही. रिपोर्टनं उपचार बदलतो आणि तपासणी फुकट होते. ही खरी उपयोगाची तपासणी.

'मणक्यात गॅप आहे'

हळद काढायची वाकून, सोयाबीन कापायचं वाकून, कापूस वेचायचा वाकून. कंबर दुखणार नाही तर काय होईल? कंबर दुखली की फोटो आणि फोटोनंतर एमआरआय. मग 'मणक्यात गॅप आहे, नस दबली आहे' असं ऐकून बाई घाबरून घरी येते. वाकत नाही, उचलत नाही, रात्रभर झोपत नाही. ऑपरेशनचा खर्च ऐकून नवरा सावकाराकडं जातो.

आता हे ऐका. चाळिशीतल्या, कंबर अजिबात न दुखणाऱ्या माणसांचे एमआरआय काढले, तरी निम्म्याहून जास्त जणांच्या मणक्यात झीज दिसते. केस पिकतात तसं ते वयाचं लक्षण आहे. दुखणं वेगळं आणि फोटोत दिसणारी झीज वेगळी, असं पुष्कळदा असतं. साधी कंबरदुखी बहुतेकींची काही आठवड्यांत कमी होते. हालचाल चालू ठेवायची, शेक घ्यायचा, व्यायाम करायचा आणि गरजेपुरती गोळी घ्यायची.

मग एमआरआय कधी काढायचा? पायातली ताकद कमी झाली, लघवी-संडासवरचा ताबा गेला, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा आला, उंचावरून पडलात, कंबरदुखीसोबत ताप आहे, वजन घटत चाललं आहे किंवा आधी कधी कॅन्सर झाला होता, तर थांबायचं नाही. तेव्हा तो एमआरआय गरजेचाच.

आणखी एक सांगते. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये किरणं नसतात. सिटी स्कॅनमध्ये असतात. पोटाचा एक सिटी स्कॅन म्हणजे छातीच्या शंभर किंवा त्याहून जास्त एक्स-रेंइतकी किरणं अंगात जातात. अपघातात डोक्याला मार लागला तर तो करावाच लागतो, तिथं कुरकुर करायची नाही. पण 'करून टाकू, मनाचं समाधान' म्हणून सिटी स्कॅन करायचा नसतो.

'फुल बॉडी चेकअप'

आता गावात गाड्या येतात. एवढ्या रुपयांत साठ तपासण्या म्हणतात. स्वस्त वाटतं. पण रिपोर्टवर जी 'नॉर्मल'ची हद्द छापलेली असते, ती कशी ठरवतात? बहुतेक तपासण्यांत, शंभर निरोगी माणसांतली पंच्याण्णव ज्यात बसतील ती हद्द धरतात. म्हणजे पाच निरोगी माणसं आपोआप हद्दीबाहेर जातात. एका तपासणीला शंभरात पाच. मग अशा वीस वेगवेगळ्या तपासण्या एकदम केल्या, तर शंभर निरोगी बायांपैकी साधारण चौसष्ट जणींच्या रिपोर्टवर एकतरी आकडा ठळक छापून येणार. आजार काही नसताना! मग त्या ठळक आकड्यामागं दुसरी तपासणी, तिच्यामागं तिसरी.

म्हणून तपासण्या जितक्या जास्त तितकं चांगलं, हे डोक्यातून काढून टाका. लक्षण बघून आणि वय बघून नेमक्या केलेल्या चार तपासण्या साठांपेक्षा कामाच्या असतात.

पिशवीचा प्रश्न

हा भाग मी जरा सावकाश सांगणार आहे. आपल्या जिल्ह्यातूनही बाया ऊसतोडीला जातात आणि पलीकडं बीडला काय झालं ते आपल्याला माहीत असायला पाहिजे.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या पिशव्या मोठ्या संख्येनं काढल्या गेल्याचं उजेडात आलं. सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा बायांमागं साधारण एक. देशात १५ ते ४९ वयाच्या शंभर बायांमागं हे प्रमाण तीनच्या आसपास आहे. कित्येक जणींचं वय पस्तिशीच्या आतलं होतं.

याची सुरुवात कशानं व्हायची? अंगावरून पांढरं जातं, पोटात दुखतं, पाळी जास्त जाते. मग सोनोग्राफी. मग 'पिशवीला सूज आहे', 'गाठ आहे', 'पुढं कॅन्सर होईल'. बाईला तीन पोरं झालेली, पाळीच्या दिवसांत कामाचा खाडा पडला की मुकादम पैसे कापणार. मग ती म्हणते, काढूनच टाका कटकट.

अंगावरून पांढरं जाण्याचं कारण बहुतेक वेळा जंतुसंसर्ग असतो आणि तो गोळ्यांनी बरा होतो. सोनोग्राफीत दिसणारी लहान गाठ चाळिशीच्या पुष्कळ बायांना असते, तिचा काही त्रास नसेल तर तिच्यावर लक्ष ठेवलं तरी पुरतं. पिशवी काढल्यावर, आणि सोबत अंडाशयही काढलं तर जास्तच, बाईची हाडं लवकर ठिसूळ होतात, घाम फुटतो, सांधे धरतात. कटकट संपत नाही, दुसरी सुरू होते.

आणि ज्या कॅन्सरची भीती घालतात, तो पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर आधीच ओळखायची तपासणी वेगळी असते. तिशीनंतर सरकारी दवाखान्यात पिशवीच्या तोंडाला औषध लावून बघतात. पाच मिनिटांचं काम. ती तपासणी आपण लाजून करत नाही आणि जिथं थांबायला पाहिजे तिथं ऑपरेशनला तयार होतो. हे उलटं करायला पाहिजे.

या प्रकरणानंतर बीडमध्ये खाजगी दवाखान्यात पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्य चिकित्सकांची परवानगी लागेल असा नियम झाला. बाया बोलल्या, पत्रकारांनी लिहिलं, संघटना मागं लागल्या, म्हणून तो झाला. आपल्या गटातल्या कुणाही बाईला पिशवी काढायला सांगितलं, तर आधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय तिला ऑपरेशनच्या टेबलावर जाऊ देऊ नका. जोरात रक्तस्राव होऊन जीवावर बेतलं असेल तर गोष्ट वेगळी.

हे असं का होतं?

सगळे डॉक्टर लुटारू आहेत असं मी म्हणणार नाही. ते खरं नाही आणि न्यायाचंही नाही. पण 'कट' नावाची गोष्ट आहे, हे तुम्हालाही माहीत आहे. चिठ्ठी देणाऱ्याला लॅबकडून, सेंटरकडून हिस्सा जातो. तो आपल्या बिलातूनच जातो.

आपल्या मराठवाड्याच्या मातीतले एक डॉक्टर आहेत, डॉ. हिंमतराव बावस्कर. मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे, गरीब शेतकऱ्याच्या घरातले. कोकणात महाडला राहून त्यांनी विंचूदंशावर उपचार शोधला. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१३ च्या सुमारास त्यांनी एका पेशंटला एमआरआयसाठी पाठवलं होतं. तर तपासणी केंद्राकडून त्यांना बाराशे रुपयांचा चेक घरी आला. मागितला नव्हता, तरी आला. त्यांनी तो परत केला आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडं लेखी तक्रार केली. विचार करा, मागितला नसताना चेक येतो, म्हणजे ही रीत किती रुळली असेल.

पुण्याच्या 'साथी' संस्थेचं काम करताना डॉ. अरुण गद्रे यांनी ७८ डॉक्टरांना बोलतं केलं आणि पुढं डॉ. अभय शुक्ला यांच्यासोबत २०१६ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यात डॉक्टरांनीच सांगितलेली एक गोष्ट आहे, 'सिंक टेस्ट'. म्हणजे चिठ्ठीवर दहा तपासण्या लिहायच्या, रक्त घ्यायचं, दोन-तीन खऱ्या करायच्या आणि उरलेलं रक्त बेसिनमध्ये ओतून द्यायचं. रिपोर्ट 'नॉर्मल' म्हणून छापायचा. हे आतल्या माणसांनी सांगितलं आहे, आणि ज्यांना हे सहन होत नव्हतं त्या डॉक्टरांनी सांगितलं आहे. म्हणजे प्रामाणिक डॉक्टर आहेत, पुष्कळ आहेत, आणि त्यांनाही आपल्या साथीची गरज आहे.

असं कमिशन देणं-घेणं डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत सरळ मना आहे. २०१७ मध्ये राज्य सरकारनं निवृत्त पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तीत डॉ. बावस्करही होते. कट प्रॅक्टिसविरुद्ध कायद्याचा मसुदा तयार झाला. पण मसुद्याचा काही कायदा झाला नाही. म्हणून कायद्याची वाट बघत बसण्यापेक्षा आपण काय करू शकतो ते बघायचं.

दुसरंही कारण आहे. डॉक्टर घाबरतात. एखादा पेशंट दगावला तर नातेवाईक विचारतात, "तपासणी का नाही केली?" कधी तोडफोड होते. मग डॉक्टर स्वतःला वाचवायला चार तपासण्या जास्त लिहितात.

आणि तिसरं कारण आपण आहोत. हो, आपणच. डॉक्टरनं नीट हात लावून तपासलं, सांगितलं की "काही नाही, साधा ताप आहे, तीन दिवसांत उतरेल" आणि दोन गोळ्या दिल्या, तर आपण बाहेर येऊन काय म्हणतो? "ह्याला काय कळतंय, रक्तबी नाही तपासलं, सलाईनबी नाही लावलं." आणि दुसऱ्या दवाखान्यात जातो. जो खरं सांगतो त्याचा दवाखाना ओस पडतो आणि जो बाटली लावतो त्याच्याकडं रांग लागते. मग डॉक्टरनं काय शिकायचं?

विचारायचं कसं

"ताई, डॉक्टरला विचारायचं म्हणजे तोंड उघडत नाही" असं तुम्ही म्हणता. बरोबर आहे. पण पहिल्यांदा बँकेत गेलात तेव्हाही तोंड उघडत नव्हतं. आज शाखा अधिकाऱ्याला व्याजाचा दर विचारता. हेही येईल.

चार प्रश्न आहेत. भांडणाच्या सुरात नाही, शांतपणे विचारायचे.

एक. ह्या तपासणीनं उपचारात काय बदलंल?
दोन. दोन-तीन दिवस थांबून बघितलं तर चालंल का? थांबले तर धोका काय?
तीन. हा आधीचा रिपोर्ट आहे, तो चालंल का?
चार. हीच तपासणी सरकारी दवाखान्यात होते का, आणि मी दुसरीकडून करून आणली तर चालंल का?

चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. तो समजावून सांगतो, आणि कधी कधी स्वतःच म्हणतो, "बरं, दोन दिवस बघू." "ही आजच करा, थांबू नका, कारण असं आहे" असं कारणासकट सांगितलं, तर लगेच करा, पैशाचा विचार नंतर. आणि "तुम्हाला काय कळतं, करायचं तर करा नाहीतर जा" असं उत्तर आलं, तर दुसऱ्या डॉक्टरकडं जायचा तुम्हाला हक्क आहे.

असे प्रश्न विचारा, असं जगातले डॉक्टरच आता लोकांना सांगतात. अमेरिकेत २०१२ मध्ये डॉक्टरांच्याच संघटनांनी अशी मोहीम सुरू केली. आपल्या देशात मुंबईच्या टाटा हॉस्पिटलच्या पुढाकारानं २०१९ मध्ये कॅन्सरच्या उपचारात टाळाव्यात अशा दहा गोष्टींची यादी प्रसिद्ध झाली. म्हणजे हे काही अडाण्याचं बोलणं नाही.

आपला हक्क आणि आपली सोय

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं २०१८ मध्ये रुग्णांच्या १७ हक्कांची सनद तयार केली. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीचे नियम जानेवारी २०२१ मध्ये सुधारले. त्यानुसार खाजगी रुग्णालयानं रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दिसेल असं लावायला पाहिजे. आजार काय, तपासणी कशाची, खर्च किती, हे समजून घ्यायचा आपल्याला हक्क आहे. दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचा हक्क आहे. 'ह्याच लॅबमधून करा' अशी सक्ती करता येत नाही. आणि आपले कागद मागितले तर ७२ तासांत द्यावेत, असं डॉक्टरांची आचारसंहिताच सांगते. तक्रार असेल तर जिल्हा शल्य चिकित्सकांच्या कार्यालयात कुठं आणि कशी द्यायची ते विचारता येतं. एकटीनं जाऊ नका, ग्रामसंघाचं पत्र घेऊन जा.

आता सोय. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय वगैरे ठिकाणी, तपासणी आणि उपचार मोफत आहेत. 'महालॅब'मार्फत तिथं रक्ताचा नमुना घेऊन प्रयोगशाळेत पाठवतात आणि रिपोर्ट परत येतो. गरोदर बायांसाठी दर महिन्याच्या ९ तारखेला तपासणीचा दिवस असतो. आपल्या हिंगोलीला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे, आणि मोठ्या तपासणीला किंवा दुसऱ्या मताला नांदेडचं विष्णुपुरीचं शासकीय रुग्णालय आहे.

तुम्ही म्हणाल, तिथं कधी मशीन बंद असतं, कधी माणूस जागेवर नसतो, रिपोर्टला दिवस लागतात. खरं आहे. ते सुधारायला ग्रामसभेत आणि रुग्ण कल्याण समितीत बोलावं लागेल. पण रांग आहे म्हणून गेलोच नाही, तर ते कधीच सुधारणार नाही.

थांबायचं नाही अशा वेळा

आता हे मात्र नीट ऐका. प्रश्न विचारणं म्हणजे उशीर करणं नव्हे. छातीत दाबल्यासारखं दुखणं आणि घाम येणं, एक बाजू लुळी पडणं, बोलणं अडखळणं, दम लागणं, गरोदर बाईला रक्त जाणं, फिट येणं किंवा डोकं गच्च दुखून डोळ्यापुढं अंधारी येणं, लेकराला झटका येणं किंवा ते पाणीही पीत नसणं, साप चावणं, तापात गुंगी येणं. अशा वेळी १०८ ला फोन करायचा आणि डॉक्टर सांगतील ती तपासणी करायची. तिथं प्रश्न-उत्तरं नाहीत.

गटानं काय करायचं

आपल्या दशसूत्रीत आरोग्याचं सूत्र आहे. हात धुणं, शौचालय एवढ्यावरच ते थांबायला नको. मी चार कामं सुचवते, गटात चर्चा करून ठरवा.

पहिलं, प्रत्येक घरात एक कापडी पिशवी करा आणि त्यात घरातल्या माणसांचे सगळे दवाखान्याचे कागद ठेवा, तारखेनं लावून. हिंगोलीचा रिपोर्ट घरी विसरला म्हणून नांदेडला तीच तपासणी पुन्हा करावी लागते, तो खर्च या एका पिशवीनं वाचतो. एक लक्षात ठेवा, हिमोग्लोबिन, साखर असे आकडे बदलत राहतात, ते पुन्हा बघावे लागू शकतात. रक्तगट मात्र बदलत नाही.

दुसरं, दवाखान्यात कुणी एकटं जायचं नाही. सोबत गटातली एक बाई. जिला दुखतं आहे तिला प्रश्न सुचत नाहीत, सोबतच्या बाईला सुचतात. आशाताई मोकळ्या असतील तर उत्तमच.

तिसरं, दवाखान्याच्या कर्जाची नोंद करताना औषधाला किती, तपासणीला किती, प्रवासाला किती, असं वेगळं लिहा. कुणावर आरोप करायला नाही. वर्षाच्या शेवटी ग्रामसंघात बेरीज मांडली की आपला पैसा कुठं जातो ते आपल्याच आकड्यांत दिसेल. मग आरोग्य केंद्रात जाऊन बोलताना हातात कागद असेल.

चौथं काम सगळ्यात महत्त्वाचं आहे. दवाखान्याचं कर्ज अडवायचं नाही. "आधी सिद्ध कर तपासणी गरजेची आहे" असं गटानं कोणाला म्हणायचं नाही. आपण काही डॉक्टर नाही. एखाद्या बाईला कर्ज नाकारलं आणि ती तपासणी गरजेची निघाली, तर गट कशाला काढला होता? कर्ज लगेच द्यायचं. सोबत बाई द्यायची आणि चार प्रश्न द्यायचे. निर्णय तिचा आणि तिच्या डॉक्टरचा.

आणि गावात जो डॉक्टर नीट हात लावून तपासतो, समजावून सांगतो आणि कमी औषधात बरं करतो, त्याचं नाव गटात सांगा. त्याच्याकडं जा. सलाईन लावलं नाही म्हणून त्याला नावं ठेवू नका.

माझं वय तुमच्यातल्या काहींच्या लेकीएवढं आहे. तरी तुम्ही एवढा वेळ शांत बसून ऐकलंत. पुढच्या महिन्यात मी गटांच्या बैठकांना येईन, तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारणार आहे की कागदांची पिशवी झाली का, आणि दवाखान्यात कुणी तोंड उघडलं का. जिनं विचारलं असेल तिनं डॉक्टर काय म्हणाले ते सगळ्यांना सांगायचं. चांगलं उत्तर मिळालं असेल तर तेही सांगायचं.

जय सावित्री!